रोममध्ये एकच गाईडेड वॉक घ्यायचा तर: फोरम की ओस्तिया?

रोममध्ये तीन-चार दिवस हातात आहेत आणि प्राचीन अवशेष गाईडबरोबर चालत बघायचे आहेत, तर बहुतेकांचं उत्तर आधीच ठरलेलं असतं: कोलोसियम, फोरम (प्राचीन रोमचा मुख्य सार्वजनिक चौक) आणि पॅलेटाईन टेकडी, तिन्हींची मिळून तीन तासांची टूर. हॉटेलवाले तीच सुचवतात, जाऊन आलेले मित्रही तीच. टायबरच्या मुखाजवळचं ओस्तिया हे जुनं बंदर यादीत असलंच तर ‘वेळ उरला तर’ या सदरात, आणि रोममध्ये वेळ कधी उरत नाही. मी दोन्हीकडे गाईड घेऊन चाललो आहे. माझा कल कुठे आहे ते लपणार नाही, पण फोरमची बाजू मुद्दाम लंगडी करून मांडणार नाही.

ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं पाँपेई या तुलनेत नाही. रोमहून एका दिवसात जाऊन येता येतं खरं, पण त्या दिवसाचा मोठा तुकडा आगगाडी आणि बस खातात, आणि उरलेल्या वेळात ते अफाट शहर धावत बघावं लागतं. शिवाय आपल्यापैकी काही जण तिथे सापडलेल्या हस्तिदंती ‘लक्ष्मी’साठी जातात, तर ती पाँपेईत नाही, नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. (तिच्याशी साम्य असलेली हस्तिदंती मूर्ती धाराशिव जिल्ह्यातल्या तेरच्या संग्रहालयात आहे, तिथे जायला व्हिसा लागत नाही.)

तर फोरम. इथे गाईड लागतो याबद्दल मला तरी शंका नाही. हजारएक वर्षं एकाच खोलगट जागेत देवळं, सभागृहं, कमानी, चौथरे एकमेकांना खेटून आणि एकमेकांवर उभे राहत गेले. मग ते गाडलं गेलं, वर गुरं चरू लागली, संगमरवर फोडून चुन्याच्या भट्ट्यांत गेला. आज नजर टाकली की दुसऱ्या शतकातला खांब, चौथ्या शतकातली भिंत आणि सतराव्या शतकातलं चर्च एकाच वेळी दिसतं, आणि काय कुणाचं ते कळत नाही. अँटोनायनस आणि फॉस्टिना यांचं देऊळ घ्या. सम्राटानं इ.स. 141 मध्ये आपल्या दिवंगत राणीसाठी बांधायला घेतलेलं. पुढे त्यात चर्च झालं. खांबांच्या मागे चर्चची दर्शनी भिंत आणि तिच्यात एक हिरवा दरवाजा आहे, जमिनीपासून इतका उंच की शिडी लावल्याशिवाय पोचता येऊ नये. दरवाजा बसवला तेव्हा जमीन त्या उंचीला होती. खालचं सगळं नंतर उपसलं गेलं. आमच्या गाईडबाईंनी हे दोन वाक्यांत सांगितलं आणि तोवर दगडांचा ढीग वाटणारी जागा मला थरांमध्ये दिसायला लागली. पुस्तक वाचून हे कळलं असतं, पण त्या जागी, त्या क्षणी नाही.

कोलोसियमबद्दल मी फारसं लिहीत नाही. आत शिरल्यावर इमारत स्वतःच बोलते, आणि गाईड जे सांगतात ते बरंचसं आपल्याला आधीच ऐकून माहीत असतं. टूरचा बराच वेळ मात्र तिथे जातो: मंडळी जमवणं, नावं आणि ओळखपत्रं ताडून बघणं, सुरक्षा तपासणी. फोरमच्या वाट्याला मग जेमतेम तासभर येतो.

आता माझी खरी तक्रार. ती गाईडबाईंबद्दल नाही. त्या अभ्यासू होत्या, बोलायला रसाळ होत्या. तक्रार आहे कानातल्या यंत्राची. पंचविसेक माणसांचा गट असला की प्रत्येकाच्या गळ्यात एक डबी आणि कानात इअरपीस देतात. हेतू चांगला आहे: गाईडला ओरडावं लागत नाही, आणि तुम्ही मागे पडलात तरी आवाज पोचतो. पण नेमकं तेच फोरममध्ये नडतं. आवाज पोचतो, बोट पोचत नाही. काळ्या फरसबंदीवरून गट लांबच लांब ताणला जातो, गाईड वीस-पंचवीस पावलं पुढे, तोंड आपल्याकडे करून उभी, आणि कानात येतं, “तुमच्या डावीकडे”. कुणाच्या डावीकडे? तिथे डावीकडेही अवशेष आहेत आणि उजवीकडेही.

बॅसिलिका एमिलिया या जुन्या सार्वजनिक सभागृहाच्या संगमरवरी फरशीवर बारीक हिरवे डाग आहेत. आगीत वितळलेली तांब्या-काशाची नाणी दगडात मुरली, त्याच्या या खुणा. अलारिकच्या गॉथ सैन्यानं इ.स. 410 मध्ये रोम लुटलं, त्या आगीशी त्यांचा संबंध जोडतात. अख्ख्या फोरममध्ये मला सगळ्यात बघायचं होतं ते हे. कानात वर्णन सुरेख आलं. मी ज्या फरशीकडे टक लावून बघत होतो ती भलतीच होती, हे गाईडबाई सिनेटच्या सभागृहाबद्दल बोलायला लागल्यावर उमगलं. परत फिरायची सोय नाही, कारण थांबलात की आवाज खरखरायला लागतो आणि मग तुटतो.

त्यात आई बरोबर होती. तिला इंग्रजी समजतं, पण इटालियन वळणाचं इंग्रजी, तेही एका कानात खरखरत, हे जड जातं. “काय म्हणाली रे ती?” असं आई विचारायची, मी सांगायला तोंड उघडलं की पुढची दोन वाक्यं गेलीच. इअरपीस घातलेलं कुटुंब हे आपापल्या खोलीत बसलेल्या माणसांसारखं असतं. पॅलेटाईनच्या चढाला लागेस्तोवर तिनं ते यंत्र काढून पर्समध्ये टाकलं होतं आणि ती पाईनच्या झाडांकडे बघत चालली होती. तिला चढ आवडला, एवढं मात्र सांगायला हवं.

आणखी एक. यंत्र एकतर्फी असतं. तुम्हाला विचारता येत नाही. मॅक्सेंशियसच्या प्रचंड बॅसिलिकाखाली डोमिशियन सम्राटाच्या काळातली मिऱ्यांची कोठारं आहेत. पूर्वेकडून, म्हणजे मुख्यतः आपल्या मलबारातून, समुद्रमार्गे आलेलं मिरं तिथे साठवलं जायचं. मराठी माणसाला दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोममध्ये याहून जवळचं काय असणार? पण आमची टूर त्या कमानींखालून टायटसच्या कमानीकडे निघून गेली, आणि प्रश्न माझ्याच घशात राहिला.

ओस्तियाची गोष्ट निराळी आहे, आणि तिथे गाईडची गरज तुलनेनं कमी आहे हे आधीच कबूल करतो. हे राखेखाली एका दिवसात गाडलेलं शहर नाही. रोमचं धान्य, तेल, दारू इथून वर जायचं. मग क्लॉडियस आणि ट्रेजन यांनी उत्तरेला नवी बंदरं बांधली, गाळ साचत गेला, समुद्र मागे हटला, डासांनी आणि मलेरियानं उरलीसुरली वस्ती हटवली. वर नवं शहर कुणी बांधलं नाही. त्यामुळे इथे थर उलगडावे लागत नाहीत. रस्ता हा रस्ता दिसतो, दुकान हे दुकान. उत्खननाचा मोठा भाग मुसोलिनीच्या काळात, 1942 च्या जागतिक प्रदर्शनासाठी घाईघाईनं झाला. प्रदर्शन युद्धामुळे भरलंच नाही, शहर मात्र उघडं झालं. त्या घाईत काय काय हरवलं असेल ते पुरातत्त्ववाले हळहळून सांगतात.

आमचा गट आठ-दहा जणांचा होता. इअरपीस नव्हता. गाईड ज्या विटेकडे बोट दाखवायचा, आम्ही त्या विटेभोवती उभे असायचो. एवढाच फरक. पण डायनाच्या गल्लीतल्या त्या मजली इमारतीत तो फरक काय करतो ते कळलं. खाली रस्त्याला लागून दुकानं, वर भाड्याच्या खोल्या, मध्ये सगळ्यांचं मिळून एक अंगण आणि पाण्याची सोय, तळमजल्यावर सामाईक शौचकूप. आई थेट मराठीत म्हणाली, “अरे, ही तर चाळ!” मी भाषांतर केलं, गाईड हसला आणि त्यानं जिन्याच्या पायऱ्यांवर थांबून भाडेकरूंबद्दल दहा मिनिटं सांगितलं, जे त्याच्या ठरलेल्या भाषणात बहुधा नव्हतं. समोरच दगडी ओटा असलेली खाणावळ आहे, भिंतीवर खाण्याच्या पदार्थांचं चित्र. तिथे आणखी प्रश्न निघाले. रोमन लोक घरी स्वयंपाक करायचे की नाही यावर एका जर्मन काकांचं आणि गाईडचं थोडं वाजलंही. इअरपीसवर असलं काही होत नाही.

नाट्यगृहामागचा व्यापाऱ्यांचा चौक तर मला फोरमइतकाच मोलाचा वाटतो. चौकाच्या तीन बाजूंना जहाजवाल्यांच्या आणि व्यापाऱ्यांच्या पेढ्या, आणि प्रत्येकीपुढे जमिनीवर काळ्या-पांढऱ्या मोझेइकमध्ये तिची पाटी: जहाजं, डॉल्फिन, दीपगृह, धान्याचं माप. उत्तर आफ्रिकेतल्या साब्राथाच्या लोकांच्या पेढीपुढे हत्ती. कार्थेज आहे, सार्डिनियातलं कालियारी आहे. मी तिथे मिऱ्यांचा प्रश्न विचारला. भारताची पेढी इथे नाही, गाईड म्हणाला. तो माल तांबड्या समुद्रातून इजिप्तला, नाईलवरून अलेक्झांड्रियाला आणि तिथून इटलीला यायचा, त्यामुळे पाटी असलीच तर अलेक्झांड्रियाची. मग त्यानं मला उलट विचारलं, तुमच्याकडे आमचं काय सापडतं? नेवासे, तेर इथले रोमन मद्यकुंभांचे तुकडे आणि कोल्हापुरात मिळालेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची काशाची छोटी मूर्ती, एवढं मला आठवलं. त्यानं ते वहीत लिहून घेतलं.

ओस्तियाच्या विरुद्ध बोलायचं तर मुद्दे आहेत. बघताक्षणी ‘हेच ते’ वाटावं असं तिथे काही नाही. घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलेल्या फोटोला कोलोसियमसारखे अंगठे मिळणार नाहीत. चालणं जास्त आहे: मुख्य रस्ताच किलोमीटरभराहून लांब, फरसबंदी खडबडीत, आणि बघण्यासारखं बरंच काही आडगल्ल्यांत. पिरामिदे मेट्रोशेजारच्या स्टेशनावरून उपनगरी गाडीनं अर्धा तास लागतो, आणि त्या मार्गावरचं वेळापत्रक फार मनावर घेऊ नये. काही घरं, काही मोझेइक दुरुस्तीसाठी बंद असू शकतात. उन्हाळ्यात डास अजूनही आहेत. मलेरिया गेला, ते राहिले. आणि तिथे गटाच्या टूर कमी निघतात, त्यामुळे माणशी खर्च फोरमपेक्षा जास्त पडू शकतो. आम्ही दोन कुटुंबांनी मिळून गाईड ठरवला असता तर स्वस्त पडलं असतं.

म्हणजे गंमत अशी आहे की गाईडची खरी गरज फोरमला, पण गाईडचा खरा उपयोग मला झाला ओस्तियात. लहान गट घेऊन, इअरपीसशिवाय कुणी फोरम दाखवला तर कदाचित माझं मत फिरेल. असे गाईड मिळतात, फक्त त्यांचे दर बघून आपण पुन्हा पंचविसाच्या गटाकडे वळतो. तुमच्याकडे रोममध्ये एकच दिवस असेल, किंवा बरोबरच्या मुलांनी ग्लॅडिएटरचा ध्यास घेतला असेल, तर माझं ऐकू नका, सरळ नेहमीची टूर घ्या. इतिहासाचा चांगला अभ्यास करून जाणाऱ्यांनाही ती पुरेल, कारण गाईडचं बोट दिसलं नाही तरी त्यांना कुठला दगड ते ठाऊक असतं.

बाकीच्यांसाठी मी असं करेन. फोरम स्वतःचा स्वतः बघा, पण आधी कॅपिटोलाईन टेकडीवर नगरपालिकेच्या राजवाड्याच्या मागे जा. तिथल्या कठड्यावरून सगळा फोरम खाली नकाशासारखा पसरलेला दिसतो, फुकट. घरून आणलेला आराखडा तिथे उभं राहून जुळवून घ्या: सेव्हेरसची कमान, सिनेटचं सभागृह, तो अधांतरी हिरवा दरवाजा, लांब टोकाला टायटसची कमान. मग खाली उतरा आणि हवं तिथे हवं तेवढं थांबा. हिरवे डाग मला असेच सापडले, दुसऱ्या खेपेला, कुणाचाही आवाज कानात नसताना. आईनं आधी पाहिले.

गाईडचे पैसे ओस्तियावर खर्च करा. शक्य तर सकाळची वेळ घ्या, पाणी आणि टोपी बरोबर ठेवा, जाताना पिरामिदेला सेस्टियसचा तो खराखुरा पिरॅमिड स्टेशनाबाहेर येऊन दोन मिनिटं बघून घ्या. बुकिंग करण्याआधी एकच प्रश्न विचारा: इअरपीस देणार का? ‘हो’ म्हणाले तर गट मोठा आहे, दुसरीकडे चौकशी करा. आणि सोमवार टाळा, त्या दिवशी ओस्तिया बंद असतं.