मानावगातला जाताय? 950 लिरा सांगून 950 युरो कापले, आमचा अनुभव वाचा

लिहू की नको करत तीन महिने गेले. लाज वाटते हो, दुसरं काही नाही. मी एका कारखान्यात अकाउंट्सला आहे, वीस वर्षं दिवसभर आकडेच बघतेय आणि मलाच आकड्यात फसवलं, हे मी सख्ख्या बहिणीलासुद्धा सांगितलं नव्हतं. पण परवा ऑफिसमधली एकजण एप्रिलमध्ये तुर्कस्तानात अंताल्याला चाललीय असं कळलं आणि मग गप्प बसवेना.

ऑक्टोबर 2024. मी, नवरा, मुलगी आणि माझी आई, वय 71. अंताल्या प्रांतात मानावगात नावाचा जिल्हा आहे, त्यातल्या सिदे गावात पाच दिवस राहिलो. रिसॉर्टमधे लोळायला नाही, मला जुनी शहरं बघायची होती. सिदेला समुद्राच्या काठावर अपोलोच्या देवळाचे पाच खांब उभे आहेत, थोडं आत मोठं रोमन थिएटर, आणि म्युझियम तर रोमन हमामातच आहे. हे सगळं आम्ही आमचं आम्ही पायी बघितलं, कुणी एक पैशाला फसवलं नाही. हे मुद्दाम लिहितेय कारण मला तिथल्या लोकांना सरसकट नावं ठेवायची नाहीत. हॉटेलसमोरचा चहावाला आईला रोज खुर्ची आणून द्यायचा.

घोळ झाला तो डोंगरातल्या टूरचा. मानावगातचा धबधबा, मग क्योप्रुलू कॅनियन, आणि त्याच्या वर टॉरसच्या डोंगरात साधारण हजार मीटर उंचीवर सेल्गे नावाचं, पिसिदियन म्हणजे त्या डोंगरातल्या प्राचीन लोकांचं जुनं शहर. डोंगराच्या उतारावर दगडी थिएटर, आजूबाजूला गावातली घरं, शेतं. मी वर्षभर त्याचे फोटो बघत होते, खरं सांगायचं तर सेल्गेसाठीच ही ट्रिप होती. आईला घेऊन बस बदलत जाणं जमणार नाही म्हणून प्रायव्हेट गाडी शोधली, एका ट्रॅव्हल ग्रुपवरून एकाचा व्हॉट्सॅप नंबर मिळाला, खाली लोकांचे चांगले अभिप्राय होते. चौघांचे मिळून 14,000 लिरा, गाडी, गाइड, तिकिटं, जेवण सगळं धरून. 5,000 अ‍ॅडव्हान्स लिंकवरून भरले, ते पडले 12,250 रुपये. उरलेले 9,000 सकाळी ड्रायव्हरला रोख.

आता पहिली चूक. त्याने जे फोटो पाठवले त्यात 'मानावगात वॉटरफॉल' म्हणून कड्यावरून थेट समुद्रात पडणारा धबधबा होता. मानावगातचा धबधबा तसा नाहीच, तो बुटका आणि रुंद आहे, नदीच आडवी तुटून पडते. समुद्रात पडतो तो अंताल्या शहरातला खालचा द्यूदेन. सेल्गेच्या नावाखाली पाठवलेला फोटो तर आस्पेंदोस या दुसऱ्याच जुन्या शहराचा होता, स्टेजची मागची भिंत शाबूत असलेलं थिएटर, सेल्गेचं अर्धंअधिक ढासळलेलं आहे. मला हे माहीत होतं! मुलीला म्हटलंसुद्धा, अगं हे फोटो चुकलेत. ती म्हणाली, आई, एजंट लोक कुठलेही फोटो टाकतात. पटलं मला. ज्या माणसाला स्वतःच्या टूरमधली ठिकाणं ओळखता येत नाहीत त्याला पैसे का द्यायचे, हा प्रश्न तेव्हा डोक्यात आला नाही याचा मला अजून राग येतो.

सकाळी गाडी वेळेवर आली. गाइड नव्हता, 'मीच गाइड' असं ड्रायव्हर म्हणाला. मला आब्ला म्हणजे ताई म्हणत होता, आईचा हात धरून तिला उतरवत होता. धबधबा छान होता, पांढरं हिरवं पाणी, गारवा, आई खूश. तिथून कॅनियनमधे ओलुक पुलापर्यंत गेलो. रोमन काळातला दगडी कमानीचा पूल, एका वेळी एकच गाडी जाईल एवढा अरुंद, खाली खोलवर नदी. पूल ओलांडून रस्ता वर सेल्गेला जातो. तिथे त्याने गाडी बाजूला घेतली आणि सांगितलं की पुढचा रस्ता खराब आहे, माझी गाडी चढणार नाही, जीप करावी लागेल, 950 लिरा जादा. तिथे आधीच एक माणूस कार्डाचं मशीन घेऊन उभा होता. 950 लिरा म्हणजे 2,300 रुपये चौघांचे, त्यासाठी इतक्या लांब येऊन कोण परत फिरेल?

हा क्षण मी रोज रात्री आठवते. मशीन त्याच्या डाव्या हातात, अंगठा स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यावर. मला दिसलं 950,00. तिथे पैशापूर्वी टिंबाऐवजी स्वल्पविराम देतात तो पण दिसला. अंगठ्याखाली काय आहे ते नाही दिसलं, नखाला तेलाचा काळा डाग होता तो मात्र आजही जसाच्या तसा डोळ्यासमोर आहे. मी कार्ड टेकवलं तर म्हणाला, नो नो, आत घाला. मशीनने पिन मागितला. मी दिला.

आधीचे दोन दिवस सिदेला 700-800 लिरांची बिलं नुसतं कार्ड टेकवून भरली होती, एकदाही पिन मागितला नव्हता. मग 950 ला पिन कशाला? इथेच थांबायला हवं होतं. फक्त हात पुढे करून मशीन स्वतःकडे घ्यायचं होतं. पण ऊन डोळ्यावर, मागे गाड्यांचे हॉर्न, आईला बाथरूमला जायचं होतं, ड्रायव्हर 'आब्ला, क्विक क्विक' करतोय. स्लिप मशीनवाल्याने घडी घालून दिली, मी पर्समधे टाकली. सांगा, फिरायला गेल्यावर प्रत्येक स्लिप कोण उघडून वाचतं?

जीप आलीच नाही. सव्वा तास बसलो, मग म्हणे वर दरड पडलीय, रस्ता बंद. आणि ड्रायव्हरने काय केलं तर खिशातून 200 च्या पाच नोटा काढून माझ्या हातात ठेवल्या. 950 चे 1,000 दिले, सॉरी आब्ला, वरचे ठेवा. आम्हाला वाटलं किती प्रामाणिक माणूस! नवऱ्याने त्याला मिठी मारली. तेवढ्यात वरून एक साधी छोटी भाड्याची कार खाली आली, नवऱ्याने थांबवून विचारलं तर आतलं जोडपं सेल्गेहूनच येत होतं, मोबाइलमधे अर्ध्या तासापूर्वीचे फोटो. ड्रायव्हर म्हणाला, आत्ताच मोकळा झाला असेल, पण आता उशीर झाला. आणि येताना उशीर झालेला असूनसुद्धा पन्नास मिनिटं चामड्याच्या जॅकेटच्या दुकानात बसवलं.

माझं इंडियन सिम दुसऱ्या फोनमधे, तो हॉटेलच्या लॉकरमधे, कारण बाहेर ई-सिम वापरत होतो. रात्री काढला तर बँकेचा मेसेज. 950 युरो. पर्समधली स्लिप उघडली, त्यावर स्वच्छ EUR ची तीन अक्षरं, ईयूआर, आणि वर नाव टूरवाल्याचं नव्हतंच, कुठल्यातरी कपड्याच्या दुकानाचं. स्टेटमेंटला आले 86,830 रुपये, वर मार्कअप म्हणजे परदेशी चलनाचा बँकेचा चार्ज 3,039, त्यावर जीएसटी 547. एकूण 90,416. टूरचे 14,000 लिरा धरून आणि त्या पाच नोटा वजा करून 1,22,266 रुपये गेले, आणि सेल्गे बघितलंच नाही.

त्यानंतरचा ताप वेगळाच. रिसेप्शनवर सांगितलं, बाहेरून केलेल्या टूरशी आमचा संबंध नाही. बँकेचा टोल फ्री नंबर परदेशातून लागतच नाही, आणि कार्डाच्या मागे तोच छापलेला. दुसरा नंबर शोधून लावला तर 22 मिनिटं गाणं ऐकवलं आणि फोन कट. रात्री साडेदहाला पोलिसांकडे गेलो, इंग्रजी कोणाला येत नव्हतं, मोबाइलवर भाषांतर करून करून सांगितलं. त्यांचा एकच प्रश्न, पिन कोणी टाकला? मी. मग ही चोरी कशी? आणि घटना आमच्या हद्दीतली नाही, डोंगरातला भाग जांदार्माकडे म्हणजे ग्रामीण भागातल्या पोलिसांकडे येतो, उद्या तिकडे जा. आमचं विमान सकाळी 9 ला. नुसता अर्ज घेऊन शिक्का द्या म्हणून मी अक्षरशः हात जोडले, आई बाकावर बसून रडत होती. नाही दिला.

इथे आल्यावर बँकेत डिस्प्यूट फॉर्म भरला. शाखेतला साहेब म्हणतो हेड ऑफिसला विचारा, हेड ऑफिसचा मेल येतो शाखेशी संपर्क साधा. पोलिसांचा कागद आणा म्हणाले, तो तर कोणी दिलाच नाही. आपल्याकडच्या सायबर सेलला गेले तर 'मॅडम, परदेशातलं आम्ही काय करणार' आणि वर हसले. 47 दिवसांनी बँकेचं उत्तर: चिप आणि पिनने झालेला व्यवहार, ग्राहकाची संमती गृहीत. आणि पुढची ओळ अशी की दुकानदाराने काही रक्कम परत केल्याचं आपणच नमूद केलंय. म्हणजे मी खरं खरं लिहिलं की 1,000 लिरा परत दिले, तेच माझ्यावर उलटलं! ज्याच्या बिलात कपडा आहे, हातात कपडा नाही, तो व्यवहार खरा कसा, एवढं साधं कोणी विचारलं नाही. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार टाकलीय, वाट बघतेय.

जाणार असाल तर मशीन त्यांच्या हातात असताना पिन टाकूच नका, स्वतःच्या हातात घ्या आणि आकड्याच्या शेजारी काय आहे ते वाचा, टीएल किंवा टीआरवाय म्हणजे लिरा हवं. वाईट वाटेल त्यांना तर वाटू दे. बँकेच्या अ‍ॅपमधून इंटरनॅशनल लिमिट रोज कमी करून ठेवा, मी दोन लाख ठेवलं होतं. बँकेचं सिम खिशात, लॉकरमधे नाही. मानावगातच्या धबधब्याला टूर लागतच नाही, सिदेहून दोलमुश म्हणजे वडापसारख्या छोट्या बस मिळतात. सेल्गेला साधी गाडी जाते, जीप कोणी म्हणाला की तिथूनच परत फिरा. एजन्सी असेल तर तुर्साबचा, म्हणजे तिथल्या ट्रॅव्हल एजन्सींच्या संघटनेचा, लायसन्स नंबर मागा, नंबर द्यायला टाळाटाळ केली की विषय संपला. कोणी पैसे परत दिले तर लगेच विरघळू नका, आधी स्लिप उघडा.

त्याचा व्हॉट्सॅप अजून चालू आहे. मला ब्लॉक केलंय, म्हणून काल मुलीच्या मैत्रिणीच्या फोनवरून बघितलं. चौघांचे आता 15,500 सांगतोय, आणि मानावगात वॉटरफॉल म्हणून तोच द्यूदेनचा फोटो पाठवतोय.