पाठीवरचा ब्लोअर: जाळरेषेसाठी जरूर घ्या, आगीसमोर धरताना जपून

ग्रामसभा, वनव्यवस्थापन समित्या आणि काजू-आंब्याचे बागायतदार दर वर्षी जानेवारीत एकच प्रश्न विचारतात: वणव्यासाठी ब्लोअर घ्यावा का? आमचं उत्तर ‘घ्या’ असंच आहे. मात्र तो पाला उडवण्याचं यंत्र म्हणून घ्या, आग विझवण्याचं यंत्र म्हणून नको. बरेच अपघात याच गल्लतीतून होतात.

इथे मुख्यतः स्टिल (Stihl) कंपनीच्या बीआर ६०० या मॉडेलबद्दल लिहिलं आहे. इंजिन ६४.८ सीसी, वजन पावणेदहा किलोच्या आसपास, टाकी १.४ लिटरची. पूर्ण वेगाने चालवलं तर एक टाकी पाऊण ते एक तास पुरते. हातात धरायचे २५-२८ सीसीचे छोटे ब्लोअर अंगण आणि बागेची कड साफ करायला ठीक आहेत, पण सागाच्या ओल्या-सुक्या पानांचा वीतभर थर त्यांना हलत नाही. बॅटरीवरचे ब्लोअर जोरात चालवले की काही मिनिटांत उतरतात. डोंगरात त्यांच्यावर भरवसा ठेवू नये.

खरा फायदा दिसतो तो जाळरेषेवर, म्हणजे वणवा अडवायला पाला-गवत काढून मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्यावर. साग, ऐन, धावडा यांची पानगळ एकदम होत नाही. जानेवारीत खराट्याने लख्ख केलेली रेषा मार्चमध्ये पुन्हा पाल्याने भरलेली असते आणि दुसऱ्यांदा झाडायला माणसं मिळत नाहीत. ब्लोअर असेल तर तीच रेषा दर १०-१५ दिवसांनी सहज मोकळी होते. दोन यंत्रं मागेपुढे चालवावीत. पहिल्याने दीड मीटरचा पट्टा उघडायचा, दुसऱ्याने तो तीन मीटरपर्यंत रुंद करायचा आणि मागून एकाने पंजाने उरलेल्या काटक्या ओढायच्या. नळीचं तोंड जमिनीपासून वीतभर वर आणि तिरपं धरावं. सरळ खाली रोखलं तर नुसती धूळ उडते, पाला जागेवर घुटमळतो. माती दिसली पाहिजे, पानांखालचा कुजका थरसुद्धा राहता कामा नये, कारण आग त्यातूनही धुमसत पलीकडे जाते. उडवलेला पाला दूरवर विखुरला जायला हवा. रेषेच्या काठाला त्याचा बांध घातला, तर आग आल्यावर नेमकी तिथेच ज्वाळ उंच उठते आणि रेषा ओलांडते.

गवताळ डोंगरावर मात्र हे यंत्र फारसं कामाचं नाही. सह्याद्रीच्या माथ्यावरचं कुसळी गवत मुळासकट उभं असतं, वाऱ्याने ते फक्त वाकतं. आधी विळ्याने किंवा ब्रशकटरने कापायचं, मग उडवायचं.

आता आगीचं. पाल्याची आग गुडघ्याइतकी असेल तर ब्लोअर चालतो. बाजूने, म्हणजे आगीच्या बगलेने, जळलेल्या भागाकडे झोत ठेवून पुढे सरकायचं. झोताने जळता पाला राखेत फेकला जातो, पुढे जळायला काही उरत नाही, म्हणून ती कड थंडावते. उलट, न जळलेल्या बाजूकडे झोत गेला तर निखारे वीस-पंचवीस पावलांवर नवी आग लावतात. ज्वाळा कमरेच्या वर गेल्या की यंत्र घेऊन मागे या आणि पुढे अंतर राखून रेषा काढा. चढावर आगीच्या वरच्या अंगाला कधीही उभं राहू नका. आग चढ फार वेगाने चढते आणि पाठीवर दहा किलो वजन, त्यात पेट्रोल, घेऊन पळता येत नाही. दुपारच्या वाऱ्यात झुंजण्यापेक्षा संध्याकाळनंतर हवेत थोडी ओल आली की तेच काम निम्म्या श्रमात होतं.

ब्लोअर गेलेल्या कडेवर मागून दोन माणसं हवीतच. बुंधे, ओंडके, शेणाच्या गोवऱ्या यांतली धग झोताने विझत नाही, उलट भात्यासारखी फुलते. ती मातीने किंवा पाण्यानेच मारावी लागते, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा एक फेरी हवी.

इंधनाबाबत सर्वांत महागडी चूक इथे होते. या इंजिनाला व्हॉल्व्ह असतात, त्यामुळे ‘हे फोर-स्ट्रोक आहे’ असं कोणीतरी सांगतं आणि टाकीत नुसतं पेट्रोल जातं. इंजिनाला वेगळी ऑइलची टाकी नाही, ते मिश्रणावरच चालतं. काही वेळातच पिस्टन जाम होतो. प्रमाण ५० ला १: एक लिटर पेट्रोलला २० मिली टू-टी ऑइल, पाच लिटरला १००. अंदाजाने ओतू नका, मापाची बाटली ठेवा आणि प्रत्येक वेळी कॅन हलवून घ्या.

पेट्रोल पाण्याच्या बाटलीत नेऊ नका. धुरात, घाईत, तहानेने कासावीस झालेला माणूस ती बाटली तोंडाला लावू शकतो किंवा पाणी समजून निखाऱ्यावर ओतू शकतो. रंगीत, घट्ट झाकणाचा इंधनाचा कॅन घ्या आणि तो आगीपासून दूर, वारा येतो त्या बाजूला ठेवा. टाकी भरण्याआधी इंजिन बंद करून निवू द्या. यंत्र खाली ठेवायचं ती जागा आधी त्याच झोताने साफ करून मगच इंजिन बंद करा. तापलेला सायलेन्सर सुक्या पानांवर टेकला की नवा वणवा तिथूनच सुरू होतो. भरल्यावर सांडलेलं पुसून दहा पावलं बाजूला जाऊन सुरू करा. झाकणाचं वायसर रोज पाहा, ते चिरलं तर वाकताना पेट्रोल कपड्यांवर झिरपतं.

सुरू होत नसेल तर बहुतेक वेळा चोक मिटलेलाच ठेवून दोरी ओढत राहिल्यामुळे इंजिन ओलं झालेलं असतं. प्लग काढून पुसा, चोक उघडा, मग ओढा. जोर कमी झाला तर आधी एअर फिल्टर पाहा, राखेत तो एका दिवसात बुजतो. हंगाम संपल्यावर टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल पावसाळाभर राहिलं की पाणी धरतं आणि कार्ब्युरेटर खराब करतं.

पट्ट्याचं बकल तुटलं की सुतळीने गाठ मारतात, ते अजिबात करू नका. संकटात पट्टा एका झटक्यात सुटलाच पाहिजे. अंगात जाड सुती कपडे हवेत, नायलॉन-टेरिकॉट वितळून कातडीला चिकटतं. चामडी बूट, गॉगल, कानात बोळे आणि एन-९५ मास्क घ्या. ओल्या रुमालाने धुराचे बारीक कण अडत नाहीत.

जाळरेषेवरचं गवत-पाला स्वतः पेटवून ती मोकळी करायला जाऊ नका. राखीव वनात आग लावणं भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार गुन्हा आहे, ते काम वनविभागानेच करायचं. आग दिसली की ब्लोअरची दोरी ओढण्याआधी वनरक्षकाला किंवा वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा, आणि डोंगरात कोण कोण चढलं आहे त्यांची नावं खाली गावात एकाकडे लिहून ठेवा.