पाळणाघर: सांभाळ उत्तम, हिशेब अवघड
आमची मुलगी ९ महिन्यांची असल्यापासून या पाळणाघरात जाते, आणि तिथल्या ताईंच्या मायेबद्दल किंवा स्वच्छतेबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. अडचण आहे ती शुल्काच्या रचनेची. मूल तापाने आजारी पडले की त्याला घरीच ठेवावे लागते, त्यामुळे आम्हा दोघांपैकी एकाची रजा खर्ची पडते आणि त्या दिवसांचे पैसे मात्र पूर्ण आकारले जातात. पाळणाघराच्या जागेचे भाडे आणि ताईंचे पगार थांबत नाहीत हे मान्य केले, तरी भुर्दंड दुहेरीच बसतो. सायंकाळी ६ नंतरच्या प्रत्येक १५ मिनिटांना वेगळा आकार असल्याने मी अखेर कामाचे तास कमी करून घेतले, म्हणजे शुल्क भरण्यासाठी नोकरी आणि वेळ गाठण्यासाठी पगारात कपात, असा हा विचित्र हिशेब झाला. (कपात माझ्याच पगारात का, हा प्रश्न घरात अजून मिटलेला नाही.) तान्ह्या मुलांमागे जास्त माणसे लागतात, म्हणून त्यांचे शुल्क अधिक असणे रास्तच आहे, परंतु मूल मोठे झाल्यावर ते उतरते का, हे प्रवेशापूर्वीच लेखी विचारून घ्यावे. आम्ही विचारले नव्हते.