आरसी गाडी वेगवान करताना: आधी ताकद वाढवावी की वजन उतरवावं?

सुरुवातीच्या पातळीवरच्या अनेक १/१० (खऱ्या गाडीच्या एक दशांश मापाच्या) इलेक्ट्रिक आरसी, म्हणजे रिमोटवर चालणाऱ्या, गाड्यांत ५४० आकाराची ब्रश मोटर, ७.२ व्होल्टची निकेल बॅटरी आणि चाकांच्या आत बेअरिंगऐवजी साधी बुशिंग्ज असतात. अशी गाडी जलद करायची तर एकतर ब्रशलेस मोटर आणि नवा ईएससी (मोटरचा वेग नियंत्रित करणारं सर्किट) बसवायचा, नाहीतर कार्बनची चॅसी, टायटॅनियमचे स्क्रू, पातळ बॉडी असं करत वजन उतरवायचं. यातलं काहीही ठरवण्याआधी बॅटरी बदला. या एका बदलात ताकदही वाढते आणि वजनही उतरतं, त्यामुळे बाकीचा निर्णय त्यानंतरच घेण्यात अर्थ आहे.

सहा सेलची निकेल बॅटरी साधारण ३५० ग्रॅम भरते. ४००० एमएएचची आखूड टू-एस लायपो (दोन सेलची लिथियम-पॉलिमर बॅटरी) २०० ग्रॅमच्या आसपास असते. गाडी १५०० ग्रॅमची धरली तर दीडशे ग्रॅम एका झटक्यात गेले, म्हणजे दहा टक्के. शिवाय लायपोचा व्होल्टेज थ्रॉटल पूर्ण दाबल्यावर कमी कोसळतो, त्यामुळे जुनी मोटरही जास्त जोरात ओढते. मात्र जुन्या ईएससीला लायपो कटऑफ (व्होल्टेज फार उतरला की मोटर थांबवणारी सोय) आहे का, ते आधी पाहा. कटऑफ नसेल तर बॅलन्स प्लगवर (प्रत्येक सेलशी जोडलेल्या छोट्या प्लगवर) अलार्म लावून तो प्रति सेल ३.४ व्होल्टवर ठेवा. सेल ३ व्होल्टच्या खाली गेला की बॅटरी फुगू लागते, आणि फुगलेली बॅटरी पुन्हा चार्ज करायची नाही. चार्जिंग कायम बॅलन्स मोडमध्ये आणि १ सीने, म्हणजे क्षमतेच्या आकड्याइतक्या करंटने, करा. ४००० एमएएचला ४ अँपिअर. आठवडाभर गाडी चालवणार नसाल तर सेल ३.८ व्होल्टवर ठेवा. आखूड बॅटरी लांब ट्रेमध्ये सैल बसते. पुढेमागे घट्ट फोम भरला नाही तर पहिल्याच धडकेत ती बाहेर येते.

याच वेळी सगळी बुशिंग्ज काढून बॉल बेअरिंग टाका. घर्षण कमी होतं, मोटर कमी तापते, आणि बुशिंग झिजून चाक डुगडुगायचं थांबतं. याला विरोध करण्यासारखं कारण आम्हाला दिसत नाही.

आता ताकद. ३३०० केव्हीची (दर व्होल्टला विनाभार ३३०० आरपीएम फिरणारी) ब्रशलेस मोटर ७.४ व्होल्टवर विनाभार सुमारे २४,४०० आरपीएम फिरते. साधी ५४० मोटर याच्या बरीच खाली असते. म्हणजे जुनं गिअरिंग तसंच ठेवलं तरी टॉप स्पीड एकदम वाढतो, आणि भलतीकडेच त्रास सुरू होतो. जुन्या मोटरसाठी निवडलेलं पिनियन (मोटरच्या शाफ्टवरचा छोटा गिअर) नव्या मोटरला बहुधा मोठं पडतं. समजा स्पर (पिनियन ज्याला फिरवतं तो मोठा गिअर) ८७ दात्यांचा, पिनियन २३ चं आणि गाडीचं आतलं गुणोत्तर १.९ आहे: ८७ भागिले २३ गुणिले १.९, म्हणजे ७.२. पिनियन २१ चं केलं की हेच ७.९ होतं, म्हणजे मोटरवरचा भार हलका होतो. सुरुवात लहान पिनियनने करा, तीन मिनिटं चालवा, मोटरचं तापमान मोजा. ८० अंश सेल्सिअसच्या बरंच खाली असेल तरच एक दाता वाढवा. तापमान ८० च्या वर नेत राहिलात तर रोटरच्या चुंबकाची ताकद कायमची घटू लागते, आणि मग गिअरिंग कितीही बदला, गाडी पूर्वीसारखी ओढत नाही.

पिनियन आणि स्परमध्ये पातळ कागदाची पट्टी घालून मोटर घट्ट करा, मग पट्टी काढा. इतकीच फट हवी. फट जास्त राहिली तर ब्रशलेसचा झटका दातांच्या टोकांवर बसतो आणि प्लॅस्टिकचा स्पर सोलून निघतो. पिनियनचा ग्रब स्क्रू शाफ्टच्या सपाट भागावरच बसवा आणि त्याला निळा थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) लावा. हा थ्रेडलॉक प्लॅस्टिकवर सांडू देऊ नका, काही प्लॅस्टिक त्याने तडकतात.

खरा खर्च मात्र पुढे आहे. जास्त टॉर्क आला की साखळीतला सगळ्यात कमजोर भाग तुटतो: आधी डिफमधले (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या भागातले) छोटे गिअर, मग डॉगबोन (चाकाकडे ताकद नेणारे शाफ्ट) आणि त्यांचे कप. डॉगबोनच्या जागी स्टीलचे सीव्हीडी (सांधा असलेले शाफ्ट) टाकले की ते टिकतात, पण वजन परत वाढतं. जुना छोटा पांढरा कनेक्टरही ब्रशलेसच्या करंटला तापून वितळतो, तिथे एक्सटी६० लावा. थ्री-एसचा (तीन सेलच्या बॅटरीचा) मोह आवरा. त्याच मोटरला थ्री-एस दिली तर विनाभार वेग ३६,६०० आरपीएमवर जातो, आणि ईएससीवर थ्री-एस छापलेलं असलं तरी गाडीचे गिअर तेवढ्यासाठी बनलेले नसतात.

वजन उतरवण्यात मोडतोड कमी, पण दर ग्रॅमचा खर्च फार. स्टीलचा एम३×१० स्क्रू पाऊण ग्रॅमच्या आत-बाहेर असतो. असे साठ स्क्रू टायटॅनियमचे केले तर जेमतेम अठराएक ग्रॅम वाचतात. हे काम सगळ्यात शेवटी. त्यापेक्षा वरचं वजन काढा. जाड लेक्सनच्या (पॉलिकार्बोनेट प्लॅस्टिकच्या) बॉडीच्या जागी ०.७ मिलिमीटरची बॉडी घेतली आणि रंगाचे थर पातळ ठेवले, तर वाचलेला प्रत्येक ग्रॅम गुरुत्वमध्य खाली आणतो, आणि वळणात गाडी कमी झुकते. दुसरा क्रम फिरणाऱ्या वस्तूंचा: चाकं, शाफ्ट, डिफचे कप. एका जागचं वजन कमी करणं आणि फिरणारं वजन कमी करणं यांत फरक आहे, कारण फिरणाऱ्या भागाला पुढे ढकलायचंही असतं आणि फिरवायचंही असतं.

कार्बनची प्लेट सपाट ट्रॅकवर उत्तम. पण कार्बनमधून वीज वाहते, म्हणून बॅटरीची किंवा मोटरची तार तिच्या कडेला घासू देऊ नका. कापल्यावर कडा ओल्या सँडपेपरने घासा, मास्क लावा, आणि पातळ सायनो ग्लूने सील करा. जुन्याच प्लॅस्टिक चॅसीला भोकं पाडणार असाल तर ती गोल असावीत, कारण चौकोनी भोकाच्या कोपऱ्यातून तडा सुरू होतो. सस्पेन्शनचे आर्म ॲल्युमिनियमचे घेऊ नका. ते बहुधा प्लॅस्टिकहून जड असतात, आणि एकतर वाकतात, नाहीतर सगळा धक्का चॅसीपर्यंत पोचवतात.

डांबरी किंवा कार्पेटच्या ट्रॅकवर बॅटरी आणि बेअरिंगनंतर ताकद घ्या, मग बॉडी आणि फिरणारे भाग. सेन्सर असलेली मोटर घेतली तर गाडी सुटताना अडखळत नाही. स्पर्धेत उतरणार असाल तर आपल्या वर्गाचं किमान वजन आधी पाहा. गाडी त्याच्याखाली गेली तर शिशाचे तुकडे चिकटवून ती परत जड करावी लागते. मातीवर उड्या मारणारी बग्गी असेल तर वजनाचा नाद सोडा. तिथे आधी डिफ आणि सीव्हीडी मजबूत करा, मोटर त्यानंतर. खूप हलकी बग्गी खडबडीत जागी टप्पे खाते आणि टायरची पकड सुटते.

वजन कोणत्याही मार्गाने उतरवा, शेवटी गाडी सपाट जागी ठेवून उंची मोजा. भार गेल्याने स्प्रिंग कमी दबतात आणि गाडी उचलली जाते. आधी प्रीलोड (स्प्रिंगला आधीपासून दिलेला दाब) कमी करा. त्याने भागलं नाही तर एक पायरी मऊ स्प्रिंग टाका, आणि मगच वळणातल्या वागण्याबद्दल मत बनवा.