४+२ पोर्टचा पीओई स्विच: डब्यापेक्षा ॲडॉप्टर बघून घ्या

सोसायटीत चार कॅमेरे लावायचे म्हटले की फिटिंगवाला हमखास हाच डबा आणतो. चार पीओई पोर्ट (नेटवर्कच्या केबलमधूनच कॅमेऱ्याला वीज देणारे), दोन अपलिंक (रेकॉर्डर किंवा राउटर जोडायचे, वीज न देणारे), सगळे १०/१०० चे (जास्तीत जास्त १०० एमबीपीएस), पत्र्याची बॉडी, बाहेर ॲडॉप्टर. स्टिकर वेगवेगळे, आतला माल बराचसा सारखा. चार साध्या कॅमेऱ्यांसाठी घ्यायला हरकत नाही, पण दुकानातच दोन गोष्टी तपासा.

पहिली, ॲडॉप्टर. त्यावर ५२ व्होल्ट, १.२५ अँपिअर छापले असेल तर गुणाकार ६५ वॉट. चार-पाच वॉट स्विच स्वतःच खातो. ‘प्रति पोर्ट ३० वॉट’ असे खोक्यावर लिहिलेले असते, पण ते एकाच वेळी चारही पोर्टना मिळणे शक्य नाही. साधा डोम कॅमेरा दिवसा चारेक वॉट घेतो, रात्री आयआर (अंधारात बघण्याचे इन्फ्रारेड दिवे) लागल्यावर सात-आठ. चार डोम आरामात बसतात. पीटीझी (फिरणारा, झूम होणारा कॅमेरा) असेल तर त्याचे २५ वॉट आधी बाजूला काढा, मग बाकीचे मोजा. याच्याच ८+२ भावंडासोबत बरेचदा ४८ व्होल्ट, २ अँपिअरचा ॲडॉप्टर येतो. ९६ ला आठाने भागा, पोर्टला जेमतेम १२ वॉट.

दुसरी, स्विच खरोखर ८०२.३एएफ/एटी (पीओईचे अधिकृत मानक) आहे की नुसता ४८ व्होल्ट सोडतो. खरा स्विच आधी समोरच्या उपकरणातला २५ किलोओहमचा रेझिस्टर शोधतो, तो सापडला तरच करंट देतो. मोकळ्या पोर्टात एका टोकाला कनेक्टर क्रिंप केलेला केबलचा तुकडा घाला आणि मल्टिमीटरने तारा क्रमांक १-२ विरुद्ध ३-६, मग ४-५ विरुद्ध ७-८ असे तपासा. काट्यावर सतत ४८ दिसत राहिले तर डबा परत करा. अशा पोर्टात कुणी लॅपटॉप किंवा जुना राउटर खोचला तर त्याच्या लॅन पोर्टमधले ७५ ओहमचे टर्मिनेशन रेझिस्टर जळू शकतात.

‘संध्याकाळ झाली की कॅमेरा बंद-चालू होतो’ ही नेहमीची तक्रार. लगेच कॅमेरा बदलू नका. तो खाली उतरवून दोन मीटरच्या पॅचकॉर्डने स्विचला लावा आणि सेन्सर हाताने झाका, म्हणजे आयआर पेटेल. आता नीट चालला तर दोष केबलचा किंवा गंजलेल्या जॅकचा. तरीही रीस्टार्ट झाला तर बाकीचे तीन काढून बघा. मग टिकला तर ॲडॉप्टर कमी पडतोय. केबलची तार ब्लेडने खरवडा, आत पांढरी निघाली तर ती तांबे चढवलेली ॲल्युमिनियम. तिचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त, त्यामुळे लांब अंतरावर व्होल्टेज तितकेच जास्त पडते.

समोरच्या सरकत्या बटणाचे सगळ्यांना कौतुक. एक्स्टेंडवर ठेवले की केबल २५० मीटरपर्यंत चालते, पण वेग १० एमबीपीएसवर येतो, आणि बहुतेक डब्यांत चारही पोर्टचा. चार मेगापिक्सेलचा कॅमेरा त्यात भागतो, आठचा अडखळतो. व्हीलॅनवर (पोर्ट एकमेकांपासून वेगळे करणारा मोड) ठेवले की कॅमेरे फक्त अपलिंकशीच बोलतात. एनव्हीआर (कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर) चुकून पाचव्या (अपलिंक) पोर्टाऐवजी चौथ्या पोर्टात लावला तर एकही कॅमेरा दिसत नाही आणि फिटिंगवाला तासभर आयपी शोधत बसतो. बटण सरकवल्यावर स्विच एकदा बंद करून चालू करा, काही डब्यांत त्याशिवाय बदल लागू होत नाही.

त्याच बटणावरचा ‘एआय’ नावाचा मोड म्हणजे साधा वॉचडॉग: पोर्टवर बराच वेळ डेटा आला नाही की तो वीज तोडून पुन्हा देतो. हँग झालेल्या कॅमेऱ्यासाठी छान सोय. मात्र फर्मवेअर अपडेट करताना तो आधी बंद करा. अपडेट चालू असताना डेटा थांबतो, स्विच वीज तोडतो आणि कॅमेरा कायमचा मरू शकतो.

वाय-फायचा चांगला ॲक्सेस पॉइंट चालवायला हा डबा घेऊ नका, १०० एमबीपीएसवर तो अडतो. त्यासाठी गिगाबिटचाच घ्या. दोन इमारतींमध्ये तांब्याची केबल ओढू नका, पहिल्या वळवाच्या विजेत पोर्ट जातात, तिथे फायबर. आणि राउटरसोबत मिळणाऱ्या १२ व्होल्टच्या छोट्या यूपीएसवर हा चालत नाही. लाइट गेल्यावर रेकॉर्डिंग हवे असेल तर ॲडॉप्टर आणि एनव्हीआर दोन्ही इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या.