होडी रस्त्याने न्यायची: ट्रेलर की ट्रक?

मालवणात वापरलेली फायबरची बोट घेऊन ती हर्णैला न्यायची, असा बेत पावसाळ्याच्या तोंडावर बरेच जण करतात. १ जूनला मासेमारी बंद होते, होड्या वर ओढून शाकारल्या जातात आणि मग प्रश्न येतो: गाडीमागे ट्रेलर लावायचा की ट्रक करायचा? बहुतेक जण भाड्यावरून ठरवतात. मी आधी बोट कशाची आहे, तिचा तळ कसा आहे आणि ती किती वेळा रस्त्यावर येणार आहे, ते विचारतो.

एकदाच न्यायची असेल तर ट्रक. परशुराम आणि भोस्ते घाट, पुढे दापोलीहून आसूदकडचा उतार, हे सगळं त्या चालकाच्या पायाखालचं असतं आणि बोटीचं ओझं ट्रकच्या ब्रेकवर असतं. ट्रकमधला धोका रस्त्यावर कमी, चढवण्या-उतरवण्यात जास्त. त्यासाठी दोन्ही टोकांना हायड्रा, म्हणजे चाकांवरची क्रेन, लागते. हर्णैला ती कुठे उभी करणार, हे निघण्याआधी बघून या, कारण पुळणीत तिची चाकं रुततात. उचलायला तारेचा दोर चालत नाही, रुंद पट्टेच हवेत. पट्टे वर एका हुकात जुळतात तेव्हा बोटीचे दोन्ही काठ आत दाबले जातात. म्हणून काठांच्या मध्ये जाड लाकडाचा आडवा टेकू ठोका. हौद्यात बोट टायरवर किंवा रेतीच्या गोण्यांवर बसवा, पण वजन तळाच्या कण्यावर आलं पाहिजे. बाजूच्या गोण्या फक्त तिला सरळ धरायला. वाडीतल्या आडव्या विजेच्या तारांसाठी छत आणि झेंड्याची काठी आधीच उतरवा.

ट्रेलर परवडतो तो दर वर्षी ने-आण करणाऱ्याला. हायड्राची वाट बघावी लागत नाही, घसरतीवरून, म्हणजे किनाऱ्यावरच्या उतारावरून, थेट पाण्यात उतरता येतं. पण तो कायद्याने वाहनच आहे. नोंदणी, नंबर, मागचे दिवे, सगळं लागतं. बोटीसकट रुंदी २.६ मीटरच्या आत बसते का, ते फीत लावून मोजा. नसेल तर विशेष परवानगी काढावी लागते.

ट्रेलरवर खरं कौशल्य वजन बसवण्यात आहे. एकूण वजनाचा साधारण ७ ते १० टक्के भार गाडीच्या हुकावर यावा, म्हणजे १००० किलोला ७० ते १०० किलो. जेट्टीवरच्या मासळीच्या काट्यावर ट्रेलरचा दांडा टेकवलात की आकडा कळतो. हुकावर भार कमी पडला की उतारावर ट्रेलर शेपटासारखा हलायला लागतो, आणि एकदा हलायला लागला की सावरणं फार कठीण. मागे टांगलेलं इंजिन हाच तोल बिघडवतं, म्हणून मी ते काढून गाडीत ठेवतो. चार स्ट्रोकचं इंजिन मात्र कंपनीने सांगितलेल्या कुशीवरच आडवं करायचं, नाहीतर ऑइल भलतीकडे जातं. काढायचं नसेल तर वर उचलून खाली लाकडी ठोकळा द्या, नुसत्या खटक्यावर सोडू नका. पेट्रोलची टाकी रिकामी, बॅटरी बाहेर, तळातलं पाणी काढलेलं. २०० लिटर पाणी म्हणजे २०० किलो, शिवाय वळणावर ते एका अंगाला धावतं.

बांधायला रॅचेट बेल्टच, म्हणजे दांडीने आवळत जायचा पट्टा. माझ्या चुलतभावाची बोट आम्ही नायलॉनच्या दोरीने आवळून बांधली होती. वाटेत सर आली, दोरी भिजून सैल पडली आणि परशुराम घाटात पोचेपर्यंत बोट हातभर मागे सरकली होती. मागचा भाग टेकूच्या बाहेर लटकला आणि तळाला चीर गेली. त्यानंतर मी नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, एक, मागे दोन आणि मध्ये आडवा एक बेल्ट लावतो. काठावर बेल्टखाली गोणपाट घालतो आणि पहिल्या २०-३० किलोमीटरला थांबून सगळे पुन्हा ताणतो. त्याच थांब्यावर ट्रेलरच्या चाकांच्या मध्याला हात लावा. चटका बसला तर बेअरिंगचं ग्रीस संपलेलं असू शकतं.

लाकडी होडीसाठी मी कुणालाही ट्रेलर सांगणार नाही. तिच्या फळ्यांना दोन-चार ठिकाणचा टेकू सोसत नाही, आणि दिवसभर उन्हात राहिली की फळ्या आखडून सांधे उघडतात. तिला ट्रकमध्ये, ओल्या गोणपाटाखाली, रात्रीच न्यावं. हर्णैला पोचल्यावर ती काही काळ पाणी घेईल, फळ्या फुगेपर्यंत उपसत राहावं लागेल.

ट्रेलर निवडलात तर पोचल्या पोचल्या खाऱ्या पाण्यात घालू नका. तापलेलं बेअरिंग एकदम थंड झालं की पाणी आत ओढून घेतं. अर्धा तास थांबा, दिव्यांची वायर काढा, आणि बाहेर आल्यावर चाकं गोड्या पाण्याने धुवा. तळाचं बुच प्रवासात उघडंच ठेवायचं, म्हणजे पावसाचं पाणी निघून जातं. काढलेलं बुच मी इंजिनाच्या किल्लीला बांधून ठेवतो, म्हणजे पाण्यात उतरताना ते लावायचं विसरत नाही.