दुसऱ्या महायुद्धातला थोर ब्रिटिश सेनापती कोण: माँटगोमेरी की स्लिम?
दोघेही फील्ड मार्शल, दोघेही ब्रिटिश लष्कराचे प्रमुख. वाटा मात्र निराळ्या. माँटगोमेरी सँडहर्स्टच्या लष्करी अकादमीचा, 1942 मध्ये इजिप्तमधली अल अलामीनची लढाई जिंकली आणि घराघरात पोहोचला. टोपीवर दोन-दोन बिल्ले लावायची हौस, प्रसिद्धीचं वावडं अजिबात नाही.

स्लिम आधी शिक्षक, मग कारकून. 1914 च्या युद्धानं लष्करात आला. 1942 मध्ये ब्रह्मदेशातून सुमारे 900 मैलांची माघार त्याच्या वाट्याला आली. तीच खचलेली फौज त्यानं पुन्हा उभी केली आणि 1944 मध्ये इंफाळ-कोहिमाला जपान्यांना धूळ चारली. (त्याच मोहिमेत मणिपूरमधल्या सांगशाकला आपले मराठेही लढले.) माझं मत स्लिमला.

1948 मध्ये लष्करप्रमुखपद सोडताना माँटगोमेरीला वारस दुसराच हवा होता. पंतप्रधान अ‍ॅटलींनी स्लिमलाच नेमलं.